सावलीच्या बाजूची खिडकी

नकाशावर हैदराबाद आणि पुणे यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती नळदुर्गाला जवळजवळ घासून जाते. किल्ल्याच्या जरा उत्तरेकडून, पाच-सहा किलोमीटर अंतर राखून. विमानं काही पट्टीच्या रेघेवरून उडत नाहीत. त्यांचे रस्ते आखलेले असतात, आणि पावसाळ्यात तर वैमानिक एकेका ढगाला वळसा घालत जातात. तरी आकाश बरं असलं, तर हैदराबाद सोडून अर्धा तास उलटला की खाली बोरी नदीचं खोरं येतं, हे मला आता पाठ झालं आहे. ज्या गावाच्या फाट्यावर सोलापूरच्या एस.टी.ची वाट बघण्यात माझे शाळेनंतरचे कितीतरी तास गेले, ते गाव मिनिटभरात खालून सरकून जातं. सोलापूर-नळदुर्ग हा आमचा सगळा प्रवास पंख्याच्या विमानाला पाच-सहा मिनिटं पुरतो.

पंख्याचं विमान म्हणालो ते मुद्दाम. मोठी जेट विमानं दहा-अकरा किलोमीटरवरून जातात. तिथून पावसाचे ढग फार खाली राहतात. दोन पंख्यांचं, सत्तरेक माणसांचं विमान त्याच्या निम्म्या उंचीवर उडतं, म्हणजे ढगांच्या माथ्यालगत. शिवाय त्याचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खाली बघायला काही आड येत नाही. आवाज फार, हादरे फार, चहा अंगावर सांडण्याची शक्यता फार. पण प्रकाशाचे खेळ बघायचे असतील तर याच्यासारखं वाहन नाही.

एक अट मात्र आहे. कुठल्या बाजूला बसायचं हे आधी ठरवावं लागतं. विमानात दोन बाजू असतात, सूर्याची आणि सावलीची, आणि दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुपारी दोनच्या सुमाराला पुण्याकडे निघालेल्या विमानात सूर्य डाव्या हाताला, नैर्ऋत्येकडे असतो. सावली उजवीकडे, थोडी मागे पडते. नळदुर्गही डावीकडेच राहतं. म्हणजे गाव बघायचं तर सूर्याच्या बाजूला बसावं लागतं, आणि सावलीच्या बाजूला बसलं तर गाव हुकतं. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

सूर्याच्या बाजूला बसलं की पाणी दिसतं. म्हणजे खरंच फक्त पाणी. उंचावरून दख्खनचं पठार भाद्रपदातसुद्धा तपकिरी-हिरव्या ठिगळांचं आणि बरंचसं एकसारखं दिसतं. त्यात तळं कुठलं, काळं रान कुठलं, नांगरलेलं कुठलं, हे सहज उमगत नाही. पण सूर्य आपल्या बाजूला असेल तर जमिनीवर एक जागा अशी असते की तिथलं सपाट पाणी सूर्याचं प्रतिबिंब थेट आपल्या डोळ्यात पाठवतं. सूर्य क्षितिजाच्या जितका वर, तितक्याच कोनात खाली ही जागा असते, आणि विमानाबरोबर ती पळत राहते. तिच्या वाटेत जे पाणी येईल ते क्षणभर पेटतं आणि विझतं. शेततळी एकामागून एक लखलखत जातात. दोन शिवारांमधला, कधी डोळ्यात न भरलेला ओढा अर्धा सेकंद पांढऱ्या रेघेसारखा उमटतो. पाझर तलाव, गावतळं, रस्त्याकडेच्या खड्ड्यात साचलेला पाऊस, सगळ्यांची हजेरी लागते. ज्याच्यात पाणी नाही ते गप्प राहतं. शासनाची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ साली आली, तेव्हापासून आमच्या भागात ही चौकोनी तळी पुष्कळ झाली. त्यांतली कुठली भरली आहेत आणि कुठल्यांचं नुसतं प्लास्टिक उन्हात पडलं आहे, याची पाहणी करायला सरकारने एक माणूस डाव्या खिडकीत बसवला तरी काम भागेल.

दुपारी त्या वेळी सूर्य साधारण पंचेचाळीस अंशांवर असतो आणि पाच-सव्वापाच किलोमीटर उंचीवरच्या विमानाच्या बाजूला तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच कोनात खाली नळदुर्ग असतं. भूमितीने जमवून आणल्यासारखी ही गाठ पडते. आधी वरच्या अंगाचं बोरीचं धरण एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत उजळत जातं. मग किल्ल्याला वळसा घालणारी नदी, मग नळदुर्ग आणि रणमंडळ या दोन किल्ल्यांच्या मधला बांध. हा बांध इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ साली मीर मुहम्मद इमादीन याने बांधला. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. नदी वरून कोसळत असताना आत कोरडं उभं राहून पाण्याचा पडदा बघता येतो. ११४ बुरुजांचा हा किल्ला वरून बोटाच्या पेराएवढा भरतो, उपळी बुरूज तर शोधून सापडत नाही. पण बांधाच्या एका अंगाला उजळलेलं पाणी आणि दुसऱ्या अंगाला काळोखी दरी, ही खूण चुकत नाही. ऊन आणखी कललेलं असेल तर पुढे उजनीचा फुगवटा दूरवर तांबूस होऊन बराच वेळ साथ देतो.

इथे एक जाता जाता. फोन काढून पंख्याचा फोटो घेतला की पाती वाकडी, तुटलेली, हवेत सुटी तरंगणारी दिसतात. नवख्या प्रवाशाच्या पोटात गोळा येतो. पंखा शाबूत असतो. फोनचा कॅमेरा चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीने वाचतो, आणि तेवढ्या वेळात मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेणारी पाती पुढे गेलेली असतात. खिडकीच्या काचेत (ती काच नसून ताणलेलं ॲक्रिलिक असतं) पोलराइज्ड गॉगलमधून पाहिलं तर जांभळे-हिरवे पट्टे दिसतात, तेही त्या ताणाचेच. दोन्ही गमती पाच मिनिटांच्या आहेत.

आता सावलीची बाजू.

विमान धावपट्टीवर असतं तेव्हा त्याची सावली शेजारी ठसठशीत काळी पडलेली असते. पाती, शेपूट, सगळं मोजून घ्यावं. चाकं सुटली की ती कुंपण, रस्ता, घरं ओलांडत पळू लागते आणि पळता पळता मऊ होत जाते. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाचं बिंब आहे. त्यामुळे कुठल्याही वस्तूची पूर्ण गडद सावली तिच्या रुंदीच्या सुमारे एकशे दहा पट अंतरापर्यंतच टिकते. या विमानाचं धड तीन मीटरच्या आत-बाहेर रुंद. म्हणजे सव्वातीनशे मीटरच्या पुढे त्याची खरी सावली संपली. उरते ती एक अंधूक छटा, आणि किलोमीटरभर वर गेल्यावर तीही सापडत नाही. आपण एवढं सत्तर माणसांचं धूड घेऊन आकाशात आहोत आणि जमिनीला त्याचा पत्ताही नाही, हे पहिल्यांदा ध्यानात येतं तेव्हा जरा चमत्कारिक वाटतं.

पण सावली जिथे असायला हवी तिथे बघत राहिलं तर तिच्या जागी उजेड दिसतो. रानावरून, सोयाबीनवरून, तुरीच्या ओळींवरून एक फिकट उजळ डाग विमानाच्या वेगाने सरकत असतो. नेमका सूर्याच्या विरुद्ध दिशेला. त्या दिशेने पाहताना आपली नजर आणि सूर्यकिरण एकाच रेघेत असतात, त्यामुळे प्रत्येक ढेकूळ, प्रत्येक झुडूप स्वतःची सावली स्वतःच्या मागे लपवतं. तेवढ्या तुकड्यात डोळ्याला सावलीच दिसत नाही, म्हणून तो तुकडा आजूबाजूपेक्षा उजळ भासतो. काळ्या रानावर हा डाग फार छान उठतो. पौर्णिमेचा चंद्र अष्टमीच्या चंद्राच्या दुपटीहून कितीतरी अधिक तेजस्वी का असतो, याचंही एक कारण हेच. तेव्हा चंद्रावरचे खाचखळगे आपल्या सावल्या आपल्यापासून लपवतात.

आणि मग मध्ये ढग येतो. तोच डाग ढगावर चढतो आणि त्याच्याभोवती कडं उमटतं. आत पांढुरका उजेड, मग निळसर, हिरवट, कडेला तांबूस. ढग जवळ असेल तर मधोमध विमानाची लहानशी सावलीही परत येते. कधी एका कड्याबाहेर दुसरं, फिकट. नशीब असलं तर तिसरं. ढग उंचसखल असतो, त्यामुळे सावली कधी मोठी होते, कधी लहान. कडं मात्र आपला आकार सोडत नाही, कारण ते ढगाच्या पृष्ठावर रंगवलेलं नसतं. ते म्हणजे एक कोन असतो. आपल्याकडे याला इंद्रवज्र म्हणतात.

महाराष्ट्रात इंद्रवज्र म्हटलं की हरिश्चंद्रगडाचा कोकणकडाच आठवतो, आणि ते योग्यच आहे. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारच्या सेवेतला अधिकारी दख्खनभर हवामानाची मोजमापं करत हिंडत होता. १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये त्याचा दख्खनच्या हवामानावरचा मोठा लेख आला, त्यात हरिश्चंद्रगडावर पाहिलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचं वर्णन आहे. कोकणकड्याची योजनाच तशी आहे. पश्चिमेला तोंड, खाली कोकणातून चढणारं धुकं, सकाळचा सूर्य पाठीशी. माणूस काठावर उभा राहिला की त्याची सावली धुक्यावर पडते आणि डोक्याभोवती कडं येतं. आजही ट्रेकर मंडळी त्यासाठी पहाटेपासून तिथे ताटकळत बसतात आणि बहुतेक वेळा नुसतं भिजून परत येतात. विमानात हेच पाच-दहा मिनिटांत मिळतं. फक्त बाजू बरोबर हवी.

साइक्सच्या शंभर वर्षं आधी, अँडीज पर्वतात पृथ्वीचा आकार मोजायला गेलेल्या फ्रेंच मोहिमेतल्या बूगेर आणि उलोआ यांनी ढगावर अशीच कडी पाहिली. त्यांच्या नोंदीतली एक गोष्ट मला फार आवडते. डोंगरावर सहा-सातजण एकत्र उभे होते. सावल्या सगळ्यांना सगळ्यांच्या दिसत होत्या, पण कडं प्रत्येकाला फक्त स्वतःच्या डोक्याभोवती दिसत होतं. शेजारच्याच्या डोक्याला काही नाही. चीनमध्ये एमेई पर्वतावरचे यात्रेकरू याला बुद्धाचं तेज मानत आले. आपल्यालाच तेवढं तेजोवलय मिळालं आणि शेजाऱ्याला नाही, हे पटायला माणसाला फारसा वेळ लागत नसावा.

विमानातही तोच न्याय. कड्याचा मध्य हा विमानाचा मध्य नसतो, बघणाऱ्याच्या डोळ्याचा असतो. तिसऱ्या रांगेतल्या माणसाला सावलीच्या नाकापाशी कडं दिसेल, अठराव्या रांगेतल्याला शेपटीकडे. सावली ओळखू येत असेल तर असा फोटो पाहून तो कुठल्या रांगेतून काढला ते सांगता येतं. एकदा माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून मला विचारलं, “तुम्हालाही तेच दिसतंय का?” मी हो म्हणालो. विज्ञानाच्या हिशोबाने ते धादांत खोटं होतं, पण त्यांचा आनंद खरा होता.

हे कडं होतं कसं, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. इंद्रधनुष्य शाळेत शिकवतात: किरण थेंबात शिरतो, वाकतो, मागच्या भिंतीवरून परततो, बाहेर येताना पुन्हा वाकतो, आणि बेचाळीस अंशांवर रंग उलगडतात. इंद्रवज्राला हा हिशोब पुरत नाही. प्रकाश आला त्याच दिशेला जवळजवळ तंतोतंत परत फिरायला हवा, आणि पाण्याच्या थेंबात साध्या वाकण्याने तो तेवढा फिरत नाही, थोडा कमी पडतो. १९०८ साली गुस्टाफ मी याने गोल थेंबावरून विखुरणाऱ्या प्रकाशाचं पूर्ण गणित मांडलं, त्यातून कडं बिनचूक निघतं. पण ते गणित उत्तर देतं, कारण सांगत नाही. पुढे १९४७ साली व्हान द हुल्स्टने सुचवलं की थेंबाच्या काठाला चाटून जाणारा प्रकाश पृष्ठभागाच्या आधाराने थोडा प्रवास करतो आणि कमी पडलेलं वळण भरून काढतो. ब्राझीलच्या नुसेनझ्वाइगने तो धागा पुढे नेला. थेंबाच्या जवळून जाणारे, त्याला नेमके न लागणारेसुद्धा किरण त्यात ओढले जातात, असा त्याच्या मांडणीचा सूर आहे.

माझ्यासारख्याला त्यातलं एवढंच हाताशी धरता येतं की कड्याचा आकार थेंबाच्या आकारावर ठरतो. थेंब जितके लहान तितकं कडं मोठं. आणि सगळे थेंब जवळजवळ सारख्या मापाचे असतील तरच रंग वेगळे दिसतात. मापं मिसळली की प्रत्येक थेंब आपापल्या मापाचं कडं काढतो, ती एकमेकांवर पडतात आणि रंग पुसले जातात.

इथे मला नळदुर्गचा माझा चुलतभाऊ आठवतो. सोयाबीन आणि तूर करतो, बोअर आहे, कधी चालतं कधी नाही. मी विमानाने जातो हे कळल्यापासून त्याची एकच मागणी: “आरं, तू वरनं जातूस, तर ढगात पानी हाय का न्हाई तेवढं सांगत जा की.” मी हसण्यावारी नेत असे. पण त्याच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते त्या कड्यातच आहे.

इंद्रवज्र दाखवणाऱ्या ढगात पाणी असतं, भरपूर असतं. पण ते दहा मायक्रॉनच्या आसपास त्रिज्येच्या थेंबांत वाटलेलं असतं. माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा एकेक थेंब. एवढा थेंब पडत नाही. हवा त्याला सहज तोलून धरते. पडणारा पावसाचा थेंब एक मिलिमीटर त्रिज्येचा धरला, तर त्याला असले दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. ते एकत्र येण्यासाठी काही थेंब मोठे, काही लहान हवेत. मोठे वेगाने खाली येतात, वाटेत लहानांना गिळतात आणि वाढतात. सगळेच सारख्या मापाचे असले तर सगळे सारख्याच गतीने तरंगतात, कोणी कोणाला गाठत नाही, आणि ढग तसाच पुढे निघून जातो. म्हणजे कडं जितकं रेखीव, तितका तो ढग वरच्या थरात तरी अजून पावसाच्या कामाला लागलेला नाही. आमच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात ढग नसतात असं नाही. जून ते सप्टेंबर डोक्यावरून ढगांची वरात चाललेली असते. उतरत काही नाही, एवढंच.

पाऊस उतरला की दृश्यच बदलतं. मोठ्या थेंबांवर इंद्रधनुष्य येतं, आणि त्याचा व्याप कड्यापेक्षा कितीतरी मोठा, केंद्रापासून बेचाळीस अंश. जमिनीवरच्या माणसाला त्याची फार तर अर्धी कमान मिळते, कारण उरलेल्या अर्ध्याच्या जागी जमीन असते. सूर्य बेचाळीस अंशांच्या वर गेला तर तेवढीही मिळत नाही, सगळं धनुष्य क्षितिजाखाली जातं. विमानाला क्षितिजाखाली आकाश आहे, म्हणून तिथून पूर्ण वर्तुळ दिसू शकतं. दिसू शकतं असं म्हणतो, कारण चौऱ्याऐंशी अंश रुंदीचं वर्तुळ आपल्या वीतभर खिडकीत मावत नाही. आपल्या वाट्याला एक तुकडा येतो. पूर्ण वर्तुळ बघायचा मान वैमानिकाचा.

पण खाली बघून इंद्रधनुष्य पाहायला विमानच हवं असं नाही. नळदुर्गचा बांध पुरतो. बोरीचं धरण भरून सांडलं की किल्ल्यातल्या बांधावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. तेव्हा सोलापूर, लातूर, गुलबर्ग्याकडून माणसं लोटतात, भजीवाल्यांना उसंत नसते. ऊन पाठीशी घेऊन वरून तुषारांत पाहिलं तर दरीत, आपल्या पायांच्याही खाली, धनुष्य उतरलेलं दिसतं. सूर्य चांगला वर असतानाही दिसतं, कारण थेंब आपल्या खाली आहेत. अर्ध्याहून अधिक कमान मी तिथे पाहिली आहे. मात्र ते दर वर्षी नसतं. धरण भरेल त्या वर्षीच. सलग दोन-तीन वर्षं नर-मादी कोरडे राहिलेलेही या गावाने पाहिले आहेत. तेव्हा भिंतीवर नुसते शेवाळाचे काळे ओघळ असतात.

ढगातल्या रंगीत कड्यांचं वेड लागून एका माणसाने केवढा पल्ला गाठला, त्याची हकीकत इथे सांगायलाच हवी. १८९४ च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन हा स्कॉटिश तरुण बेन नेव्हिस पर्वतावरच्या वेधशाळेत काही दिवस कामाला होता. तिथे त्याने ढगांवर ही कडी पाहिली आणि ती प्रयोगशाळेत करून बघायचं ठरवलं. काचेच्या भांड्यात दमट हवा घेऊन ती एकदम प्रसरण पाववायची, की ढग होतो. काम करता करता त्याच्या लक्षात आलं की थेंबाला जमायला काहीतरी बूड लागतं. धूळ असली तर धुळीवर जमतो, आणि हवा फार ओली करून धूळ काढून टाकली तरी विद्युतभारित कणांवर जमतो. त्या भांड्याचं पुढे क्लाउड चेंबर झालं, अणूच्या आतल्या कणांच्या वाटा त्यात डोळ्यांनी दिसू लागल्या, आणि १९२७ साली विल्सनला नोबेल मिळालं. ढग बघायला गेलेला माणूस अणूपर्यंत पोहोचला.

थेंबाला बूड लागतं, या गोष्टीला आमच्या भागात भलताच अर्थ आला. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, सोलापूरला तळ ठेवला. त्यांचा ‘कायपीक्स’ हा ढगांचा अभ्यास २००९ पासून चालू होता. त्यातला हा कृत्रिम पावसाच्या कसोटीचा टप्पा. सोलापूरच्या विमानतळावर तेव्हा प्रवासी विमानांची ये-जा नव्हती. धावपट्टीवरून उठायचं ते ढगांच्या मागावरचं छोटं विमान. त्याच्या पंखांना नळकांडी लावलेली असत. ढगाच्या तळाशी जाऊन ती पेटवायची. त्यातून क्षारांचे बारीक कण निघतात, वर चढणारी हवा त्यांना ढगात ओढून घेते. हे कण पाणी झटपट धरतात आणि ढगात काही थेंब इतरांपेक्षा मोठे होतात. म्हणजे सारख्या मापाची शिस्त मोडायची. इंद्रवज्राचे रंग ज्याने पुसले जातील, तेच पावसासाठी हवं असतं.

या प्रयोगाची जमेची बाजू अशी की तो दाखवण्यासाठी नव्हता, तपासण्यासाठी होता. २७६ ढग निवडले. काहींत बीज टाकलं, काहींत मुद्दाम टाकलं नाही, आणि रडार व पर्जन्यमापकांच्या जाळ्यावर दोन्हींचा पाऊस ताडून पाहिला. निष्कर्ष असा की बीज टाकलेल्या ठिकाणापासून वारा वाहत जातो त्या दिशेला सुमारे शंभर चौरस किलोमीटर भागात पाऊस सरासरी अठरा टक्क्यांनी वाढला, काही ठिकाणी त्याहून बराच जास्त. आकडा लहान नाही. पण तो नीट वाचायला हवा. अठरा टक्के कशाचे, तर त्या ढगाने नाहीतरी जो दिला असता त्या पावसाचे. आणि त्याआधी ढग लागतो, तोही वर चढणारा, पाण्याने भरलेला. कोरड्या आभाळात विमान फिरवून काही हाती लागत नाही. २०१५ च्या दुष्काळात शासनाने औरंगाबादेत विमान आणलं तेव्हा लोक घराबाहेर येऊन वर बघत होते. वर्तमानपत्रांत रोज विमान उडालं की नाही याच्या बातम्या असत. त्या वर्षी लोकांना जे हवं होतं ते कुठल्याही विमानाच्या हाताबाहेरचं होतं. पाऊस वाढवणं आणि पाऊस पाडणं यांतलं अंतर संस्थेच्या लेखात स्पष्ट असतं. घोषणा करणाऱ्या मंचावर ते राहत नाही.

माझं मत विचाराल तर सोलापूरचा प्रयोग मोलाचा आहे, कारण त्याने एक खरा आकडा दिला. पण तो पाण्याच्या नियोजनाला पर्याय म्हणून वापरला जाणार असेल तर नको. पडलेलं अडवायची कला या भागाला १६१३ सालीच येत होती आणि तो बांध अजून उभा आहे.

भावाला मी आता उत्तर देतो. तो खळं पडलं की पावसाचा अंदाज बांधणाऱ्यांतला. चंद्राभोवतीचं खळं त्याला माहीत आहे, त्यामुळे ढगावरचं कडं समजवायला वेळ लागला नाही. “म्हंजी कडं दिसलं की पानी हाय, पण द्येत न्हाई,” तो म्हणाला. मी इतकी पानं लिहून याहून नेमकं सांगू शकलेलो नाही.

सोलापूरहून गोव्याला ९ जून २०२५ पासून पंख्याचं विमान जाऊ लागलं आहे. त्यासाठी आधी विमानतळाशेजारच्या सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी २०२३ साली पाडावी लागली. त्यावरून शहरात काय काय झालं तो वेगळाच विषय. पण सह्याद्री ओलांडताना पावसाळ्यात खाली ढगांचा गच्च थर असतो, म्हणजे कडं दिसण्याची संधी आमच्या भागातल्या माणसाला घराजवळ आली. तिकीट काढताना त्या वेळी सूर्य कुठे असेल याचा अंदाज घ्या आणि त्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी मागा. सावली जिथे असेल तिथे नजर ठेवा. इंद्रवज्र दिसलं तर फोटो जरूर काढा, शेजाऱ्यालाही दाखवा. फक्त उतरल्यावर गावाकडे फोन करून पाऊस येतोय असं कोणाला सांगू नका.